पुढच्या गाडीकडून आम्हाला काय हवं

इस्लापूर म्हणजे किनवट तालुका. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणा, मधे सागाचं रान आणि त्यात विखुरलेली गावं, तांडे, गुडे. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा बघायला लांबून लोक येतात, त्यांना हा मुलूख हिरवागार दिसतो. माझ्या गॅरेजच्या दारात तोच मुलूख चाकांना चिकटून येतो. मोटारसायकली दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि आडवाटेनं गाडी चालवणं हे रोजचं काम. एसटी मोठ्या रस्त्याने जाते. तिथून आत सगळं दुचाकीवर: खत, दूध, शाळेतले गुरुजी, लसीचा डबा घेऊन निघालेले जनावरांचे डॉक्टर, परीक्षेला निघालेली पोर. नवी गाडी कशी असावी यावर शहरात पुष्कळ बोललं जातं. स्क्रीन केवढी, फोन जोडता येतो का, वेग किती. आमच्या बाकड्यावर बसणारे लोक वेगळंच मागतात. त्यांचं मागणं मी इथं मांडतो, कारण मला ते पटलेलं आहे.

१. आधी चिखल, मग वेग

काळी माती ओली झाली की फुगते आणि धरून ठेवते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणंदीत गाडी घातली की थोड्याच अंतरात पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा गच्च भरते. चाक फिरायचं थांबतं, मग गाडी ढकलतासुद्धा येत नाही. उतरायचं, काटकीने चिखल काढायचा, पुन्हा दहा-वीस पावलं. जून लागला की कितीतरी जण पुढचं मडगार्ड काढून घ्यायलाच माझ्याकडे येतात. काढल्यावर चाक मोकळं होतं, पण सगळा चिखल इंजिनावर उडतो. इंजिनाच्या पात्यांमधल्या फटी बुजल्या की वारा लागत नाही, इंजिन तापतं, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून दाबून क्लचप्लेटा जळतात. ऑगस्टपर्यंत माझ्याकडे क्लचप्लेटांचंच काम असतं.

दोन बोल्ट सैल करून वर सरकवता येईल असं मडगार्ड द्या, एवढंच लोक मागतात. डोंगरात पळवायच्या महाग गाड्यांना ते उंच असतंच. पण त्या गाड्याही उंच आणि जड, आणि चिखलात गाडी शेवटी उचलावी लागते. स्प्लेंडरसारखी ११२ किलोची गाडी दोन माणसं खड्ड्यातून बाहेर काढतात. त्यापेक्षा चाळीस-पन्नास किलो जास्त असेल तर गावातून बैलजोडी आणावी लागते. म्हणून वजन वाढवू नका, हे मी पहिल्या ओळीत लिहीन.

ओढा ओलांडला की ड्रमब्रेकमध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही क्षण ब्रेक लागत नाही. आमच्याकडे ओढा संपला की लगेच चढ किंवा वळण असतं, त्यामुळे ते क्षण धोक्याचे. डिस्क लवकर कोरडी होते, पण तिच्यात रेतीमिश्रित चिखल गेला की पॅड घासून संपतात. डिस्कला बाहेरून पत्र्याचं झाकण आणि मागच्या ड्रमला चांगलं सील, हे अवघड काम नाही. चेनकव्हर पूर्ण बंद हवं. उघडी चेन पोरांना छान दिसते, मात्र आमच्या मातीत ती आणि तिची दातेरी चक्रं वेळेच्या फार आधी झिजतात. आणि साइड स्टँडचा तळ तळहाताएवढा रुंद करा. शेताच्या बांधावर गाडी उभी करताना प्रत्येक जण आधी चपटा दगड शोधतो.

२. ओझं हे गाडीचं मुख्य काम आहे

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, डीएपीची अजून ५० ची आहे. खताच्या दिवसांत दोन गोण्या सीटवर आडव्या आणि चालवणारा टाकीवर सरकलेला, हे दृश्य मोठ्या रस्त्यालाही दिसतं. सीट त्यासाठी बनलेली नसते. मग लोक वेल्डिंगवाल्याकडून कॅरिअर जोडून घेतात, आणि जिथे वेल्डिंगची आच लागते तिथे काही महिन्यांनी चॅसिसला तडा जातो. तडा शॉकअपच्या बुडाशी असेल तर गाडी भर उतारात बसते.

कंपनीनेच कॅरिअरची जागा ठरवावी, बोल्टची भोकं ठेवावीत, आणि किती किलो पेलेल ते गाडीवर मराठीत लिहावं. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ ला आली तेव्हा तिच्या पुढच्या मोकळ्या जागेनेच दूधवाल्यांना आणि किराणावाल्यांना जिंकलं. २०२४ ला तिची विजेवरची बहीण, ई-लूना, आली तीही ती मोकळी जागा राखून. हे ज्यांनी ठरवलं त्यांना बाजारहाट कळतो.

३. बिघाड जिथे होतो तिथेच निघाला पाहिजे

एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं, दुचाकीचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, हे मी मनापासून चांगलं मानतो. आयुष्यभर गॅरेजमध्ये धूर घेतलेल्या माणसाला त्याची किंमत ठाऊक असते. सकाळी थंडीत गाडी एका झटक्यात सुरू होते हेही खरं.

पण कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर रस्त्याच्या कडेला पान्याने खोलून, फुंकून, पुन्हा बसवता येत होता. आता सेन्सरची तार उंदराने कुरतडली तरी मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी जागेवर थांबते. दिवा का लागला हे सांगणारं यंत्र शोरूममध्ये. आमच्यापासून नांदेड शंभरेक किलोमीटर. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून न्यायची तर भाड्यातच दुरुस्ती झाली असती. बॅटरी उतरली असेल तर ढकलूनही भागत नाही, कारण पंपाला आणि कॉम्प्युटरला थोडी तरी वीज लागतेच. आणि किक काढून टाकण्याची जी रीत पडते आहे, ती खेड्यासाठी वाईट आहे. किक ठेवाच.

बिघाडाचा आकडा मीटरवरच दाखवा आणि त्या आकड्याचा अर्थ गाडीबरोबरच्या पुस्तकात मराठीत छापा. गावच्या मिस्तरीला तपासणीचं यंत्र परवडेल अशा किमतीत विका. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाचा आहे हे सरकारने मान्य केलं. तो हक्क किनवट तालुक्यात पोचायचा तर माहिती आणि सुटे भाग इथे पोचले पाहिजेत.

अलॉय चाकाचंही तेच. स्पोकच्या रिंगचा आउट मी दगडावर बसून काढू शकतो. अलॉयला खड्ड्यात तडा गेला की चाकच बदलायचं. दोन्हीपैकी काय घ्यायचं हे गिऱ्हाइकाला ठरवू द्या.

४. टाकीत काय आहे ते कळावं

आडगावात पेट्रोल बाटलीतून मिळतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं; पावसाळ्यात झाकण नीट न लागलेल्या टाकीत पाणी जास्त झालं की ते तळाशी वेगळं बसतं. टाकीच्या तळाला पाणी सोडायचा एक साधा स्क्रू हवा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल तळाला जाऊ देऊ नका, हेही मी प्रत्येकाला सांगतो. आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

५. बाया आणि पोरी चालवतात, हे धरून चाला

बोधडी, किनवट, हिमायतनगरला कॉलेजात जाणाऱ्या पोरी आता स्वतः गाडी चालवतात. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया चालवतात. स्कूटर त्यांना सोयीची, पण तिची छोटी चाकं खड्ड्यात आणि गिट्टीत दगा देतात. मोठं चाक, खाली सीट, गिअरची कटकट नाही, पुढे पाय ठेवायला जागा, अशी गाडी बाजारात जवळपास नाहीच. ती जो बनवेल त्याला आमच्या भागात गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

साडीगार्ड नियमाने असावंच लागतं, तरी कितीतरी गाड्यांवर ते नावापुरतं असतं. पदर, ओढणी चाकात जाऊन झालेला अपघात ज्याने पाहिला तो विसरत नाही. चाकाची अर्धी बाजू झाकणारी भक्कम जाळी हवी, आणि ती पोरांना काढून टाकावीशी वाटणार नाही अशी बसवलेली.

६. विजेची गाडी हवीच, पण आमच्या मे महिन्यात टिकणारी

बजाजने २०२० मध्ये चेतक विजेवर परत आणली तेव्हा जुने चेतकवाले माझ्याकडे हौसेने चौकशीला आले होते. पेट्रोलचा भाव ज्याला रोज बोचतो त्याला विजेची गाडी समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या शंका वेगळ्या असतात.

पहिली उन्हाची. कॅनडात आता बर्फावर चालणाऱ्या विजेच्या गाड्या निघाल्या आहेत. मॉन्ट्रियलच्या टायगा कंपनीने त्या आणल्या. तिथल्या लोकांची तक्रार अशी की थंडीत बॅटरी मंदावते आणि पल्ला कमी होतो. आमचं गाऱ्हाणं उलट्या टोकाचं आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, आणि लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणं सगळ्यात वाईट. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून एआयएस १५६ चे बॅटरीचे नियम कडक झाले. चांगलं झालं. आता बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जरच सुरू होणार नाही, अशी सोय प्रत्येक स्वस्त गाडीतही द्या.

दुसरी शंका पाण्याची. विकणारे आयपी ६७ सांगतात. त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास. ओढ्याचं पाणी स्थिर नसतं, गाळ घेऊन जोरात येतं. एक हंगाम चिखल खाल्ल्यावर, जोडण्यांचे रबर कडक झाल्यावर गाडी किती पाणी सोसते, ते तपासून सांगा.

तिसरी विजेची. वादळ झालं की लाईट दिवसभर जाते, आणि कित्येक घरांत अर्थिंग नीट नसतं. बॅटरी काढून घरात किंवा पिठाच्या गिरणीत नेता यावी, साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर चालावी. आणि पल्ला सांगताना दोन गोण्या लादून, चढावर, सांगा.

७. दिवा

जुन्या गाड्यांचा दिवा इंजिनाच्या वेगावर असतो. चिखलात हळू चाललं की उजेड मंद होतो, आणि रात्री रानडुक्कर किंवा रोही आडवा येतो तो अशाच ठिकाणी. हळू चालतानाही पूर्ण उजेड हवा. याहून जास्त सांगण्यासारखं यात नाही.

८. आजारी माणूस

हे मागणं मला सगळ्यात मोठं वाटतं. आतल्या गुड्यातून बाळंतीण, साप चावलेलं माणूस, तापाने फणफणलेलं लेकरू गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं तर पावसाळ्यात रुग्णवाहिका येऊ शकते तिथपर्यंत मोटारसायकलच. रोगी मधे, मागे धरून बसलेला नातेवाईक.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचा तरुण गॅरेजवाला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. बर्फाने रस्ते बंद, दवाखान्यात नेता आलं नाही. त्याने बर्फावर चालणाऱ्या गाडीचं काम नेटाने पुढे नेलं, पट्ट्याच्या चाकांचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं, आणि १९५९ ला एकदोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. आज लोक ती खेळासाठी पळवतात. पण तिच्या मुळाशी दवाखान्यापर्यंत न पोचलेलं लेकरू आहे, आणि ती बनवणारा गॅरेजमधला माणूस होता. मला हे फार जवळचं वाटतं.

आपल्याकडेही असं काम झालं आहे. मुंबईत २०१७ मध्ये बाइक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये डीआरडीओच्या संस्थेने सीआरपीएफसाठी ‘रक्षिता’ बनवली: ३५० सीसीची मोटारसायकल, तिला रोग्याला बसवायची, बांधायची सोय. जंगलातल्या जवानासाठी हे होऊ शकतं, तर जंगलातल्या बाळंतिणीसाठीही व्हावं. त्यासाठी वेगळी महाग गाडी लागत नाही. शंभर सीसीच्या रोजच्या गाडीच्या चॅसिसला कंपनीतूनच चार मजबूत भोकं आणि त्यांवर बसेल अशी, पाठ टेकायची आणि पट्टा असलेली सीट. ती सीट ग्रामपंचायतीत ठेवता येईल आणि गावातल्या कुठल्याही गाडीवर दहा मिनिटांत चढवता येईल. पान्याचा नंबर मात्र सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवावा.