कागदाचं तोरण

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाला हसू नका! शाळेत क्राफ्टच्या तासाला आम्ही नाताळसाठी कागदाचं गोल रीथ करायचो. दारावरचं आपलं तोरण मात्र मला कुणी शिकवलं नाही, कारण ते शिकावं लागतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. शिमगा झाला की पंधरवड्याने पाडवा. आजी अंगणातल्या आंब्याचा टाळा काढायची, झेंडू आणायची आणि तोरण व्हायचं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात तो आंबा पडला. आजूबाजूला हापूसच्या बागा आहेत, पण आजी म्हणाली, "फळाच्या दिवसांत दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही." तेव्हापासून पाडव्याला गुढी उभी राहायची, पण दार तसंच. गेल्या पाडव्याला मी कागदाचं तोरण करायचं ठरवलं.

साहित्य : हिरवा घोटीव कागद, पिवळा व केशरी क्रेप कागद, जाड दोरा, सुई, कात्री, फेव्हिकॉल.

माप : दार ३६ इंचांचं. तोरणाला मधे ४ इंच झोळ हवा, म्हणून दोरा दारापेक्षा थोडा जास्त लागतो. झोळाचा वर्ग गुणिले ८, भागिले रुंदीची तिप्पट, म्हणजे १२८ भागिले १०८, साधारण सव्वा इंच. म्हणजे सुमारे ३७ इंच, आणि गाठींसाठी दोन्हीकडे ६-६ मिळून ४९.

पानं (९) : कागद आधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने घडी सहज पडते, त्या दिशेला कागदाचे तंतू असतात. पानाची मधली शीर त्याच दिशेला ठेवा. कागद दुमडून ६ इंच लांब, २ इंच रुंद पान कापा. देठाकडे १ इंच पट्टी जास्त ठेवा, ती दोऱ्यावरून दुमडून चिकटवायची. मधल्या घडीमुळे पान ताठ राहतं, वाऱ्याने मुडपत नाही.

फुलं (८) : दीड इंच रुंद, १८ इंच लांब क्रेपची पट्टी घ्या. एका कडेने १ इंचापर्यंत बारीक काप द्या, गुंडाळा, बुडाशी दोऱ्याने आवळून बांधा आणि पाकळ्या उलगडा.

ओवणं : पान, फूल, पान असा क्रम. एकूण १७ नग, दोन-दोन इंचांवर, म्हणजे ३२ इंच. दोन्हीकडे अडीच-अडीच इंच मोकळे. प्रत्येक फुलाला गाठ मारा, नाहीतर सगळी घसरून झोळात गोळा होतात. (माझी पहिल्यांदा झाली!) समुद्राकाठच्या दमट हवेत कागद सैल पडतो, म्हणून तोरण आदल्या रात्री न लावता सकाळीच लावा.

सकाळी आजी खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान झालंय गो. पण कागदाला वास कुठे असतो?" मला वाईट वाटलं. ती परसात गेली. पडलेल्या आंब्याच्या जागी तिने हापूसचं कलम लावलंय, अजून गुडघ्याएवढंच आहे. त्याचं एकच पान घेऊन आली आणि म्हणाली, "मधलं काढ, हे बांध."

नऊ पानांतलं बरोबर मधलं. म्हणून तुम्हीही करून बघा, पण कागदाची आठच पानं करा.