विचारणारं कार्ड

चि. सोनूस,


तू पाठवलेले अभ्यासाच्या कार्डांचे फोटो पाहिले. अक्षर सुरेख, चार रंगांची स्केचपेनं, कोपऱ्यात वेलबुट्टीसुद्धा. पण त्यातलं एकही कार्ड तुला काही विचारत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराचंच घे. वर ठळक मथळा आणि खाली शिलाहार घराणं, राजा मम्वाणी, शके 982, भूमिज शैली, वालधुनी नदीचा काठ, सगळं एका दमात. ही वहीच झाली, कात्रीने कापलेली. असं कार्ड हातात आलं की आपण ते नुसतं वाचतो, ‘हो हो, हे येतंय’ म्हणतो आणि खाली ठेवतो. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतला फरक परीक्षेत कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

त्या एका कार्डाची चार-पाच कार्डं कर. पुढे एक प्रश्न, मागे एकच उत्तर. ‘मंदिरातल्या शिलालेखात कोणता शक आहे?’ मागे फक्त 982. प्रत्येक शकासाठी इसवी सन वेगळा पाठ करत बसू नकोस. ‘शकावरून इसवी सन कसा काढायचा?’ असं एकच कार्ड कर, मागे ‘78 मिळवायचे, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर 79’. लेख श्रावणातला आहे, म्हणजे 1060. हे एक कार्ड इतिहासाच्या साऱ्या गठ्ठ्याला पुरेल.

भूमिज शैलीची व्याख्या मात्र लिहू नकोस. बदलापूरहून अंबरनाथ पुढचंच स्टेशन, एकदा जाऊन ये. शिखर वरून अपुरं आहे, पण जे आहे त्यावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगा नीट दिसतात. त्यांचं वेडंवाकडं चित्र कार्डाच्या पुढच्या बाजूला काढ आणि ‘ही शैली कोणती?’ एवढंच विचार. गाभारा सभामंडपाच्या बराच खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. उतरलीस की तो वेगळा पाठ करावा लागणार नाही.

आता उल्हासनगर. तू लिहिलंयस, ‘8 ऑगस्ट 1949, चक्रवर्ती राजगोपालाचारी, गव्हर्नर जनरल, सिंधी निर्वासित’. नुसती तारीख आठ दिवसांत निसटेल. त्यापेक्षा विचार, ‘उल्हासनगरची कोनशिला राष्ट्रपतींच्या हस्ते का नाही, गव्हर्नर जनरलांच्या हस्ते का?’ उत्तर: प्रजासत्ताक 26 जानेवारी 1950 ला आलं, तोवर राष्ट्रपती हे पदच नव्हतं. आता 1949 हे साल तुला सोडून कुठे जाईल? दुसरा प्रश्न, ‘तिथे आजही कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असे पत्ते का सांगतात?’ कारण दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्याच बराकींत निर्वासितांची सोय झाली. ‘का’ विचारणारी कार्डं करायला वेळ लागतो, पण तो वेळ म्हणजेच अभ्यास. म्हणून कुणाचे तयार संच विकत घेऊ नकोस, अगदी टॉपरचेही. त्यांचं कार्ड त्यांच्या डोक्यातल्या खाचा भरायला केलेलं असतं.

कार्ड उलटवण्याआधी उत्तर तोंडाने म्हण. लोकलमध्ये मनातल्या मनात म्हण, पण पूर्ण म्हण. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांनी बाजी मारली. आठवताना त्रास होतो, तो होऊ दे.

गठ्ठा रोज अख्खा उपसायचा नाही. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 च्या पुस्तकात खोक्याची पद्धत सांगितली, ती मला अजून सगळ्यांत सोयीची वाटते. मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये पुठ्ठ्याचे चार-पाच कप्पे कर. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात, मग ते आधी कितीही पुढे गेलेलं असो. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, शेवटचा महिन्याने. मोबाइलवर अँकी हे ॲप असेच हिशेब आपोआप करतं, हवं तर ते वापर. पण तुझ्या मोबाइलवर अँकीच्या शेजारी काय काय आहे हे मला ठाऊक आहे.

कागदावर फार पैसे घालू नकोस. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काप, त्यांची कोरी बाजू जाड असते, शाई फुटत नाही. कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्यात ओव, म्हणजे लेडीज डब्यात उभ्याने एका हाताने उलटता येतील. अधूनमधून दोरा सोडून पत्त्यांसारखी पिसून घे, नाहीतर ‘शिलाहारांनंतर यादव’ हा क्रमच पाठ होतो आणि मधलं एक नाव विचारलं की घोटाळा होतो.

एकच कार्ड सारखं चुकत असेल तर स्वतःला दोष देऊ नकोस, कार्ड तपास. तुझं ‘बारवी धरणाची माहिती’ हे असंच आहे. पाणी कुणाचं, नदी कोणती, ती कुठे मिळते, तीन प्रश्न एकात कोंबलेस. रविवारी जेवायला येशील तेव्हा ते फोडून आण, आणि वेलबुट्टी नको.

तुझी,
मावशी