मायक्रोसाइट : रक्ततपासणीच्या अहवालातील एक शब्द

विद्यार्थ्यांच्या रक्ततपासणीचे अहवाल पालकांच्या हाती पडतात, तेव्हा हिमोग्लोबिनच्या आकड्याबरोबर छापलेला 'मायक्रोसायटिक' हा शब्द अनेकांना अडवतो. कुणाला तो रक्तातल्या जंतूंविषयी वाटतो, तर कुणाला थेट रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. त्याचा अर्थ या दोहोंपैकी कोणताही नाही. म्हणून या स्मरणिकेची दोन पाने आम्ही त्या शब्दासाठी घेत आहोत.

ग्रीक भाषेत 'मिक्रोस' म्हणजे लहान आणि 'किटोस' म्हणजे पोकळ पात्र. विज्ञानाने या दुसऱ्या शब्दाला पेशीचा अर्थ दिला. मायक्रोसाइट म्हणजे नेहमीपेक्षा लहान असलेली तांबडी पेशी. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या कप्प्यांना 'सेल' म्हटले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचे मूळ लहान खोली असे आहे. अजिंठ्याच्या विहारांत मधल्या मंडपाभोवती भिक्षूंच्या निवासाच्या ज्या खोल्या दिसतात, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मराठीतील 'पेशी' या शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशी पाचशे सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे स्नायू. पालि साहित्यात, संयुत्तनिकायातील इंदक सुत्तात, गर्भाच्या वाढीचे टप्पे कलल, अब्बुद, पेसि, घन आणि पसाखा असे येतात. तेथे पेसि म्हणजे मांसाचा लहान गोळा. आपल्या मराठवाड्यात तर पेशी म्हटले की आधी कोर्टाची तारीख आठवते! डेंगीच्या साथीत 'पेशी कमी झाल्या' असे लोक म्हणतात, ते रक्तपट्टिकांविषयी. आणि रक्तपट्टिका या पूर्ण पेशी नव्हेतच, त्या अस्थिमज्जेतील एका मोठ्या पेशीचे तुकडे होत. एकाच शब्दावर इतके अर्थ लादलेले असताना अहवाल वाचणाऱ्याचा गोंधळ झाला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

निरोगी तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. प्रयोगशाळेतील यंत्र पेशीचे सरासरी आकारमान मोजते. अहवालात ते 'एमसीव्ही' या नावाने येते. प्रौढांत ते ८० ते १०० फेम्टोलिटर असावे, ८० च्या खाली गेल्यास पेशींना मायक्रोसायटिक म्हणतात. लहान मुलांत ही खालची मर्यादा आणखी कमी असते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचा आकडा मोठ्या माणसाच्या मापाने वाचू नये.

पेशी लहान का राहते? अस्थिमज्जेत तयार होताना तिच्यात हिमोग्लोबिन भरत जाते, आणि ते पुरेसे साठले की तिचे विभाजन थांबते. लोह कमी असेल तर हिमोग्लोबिन साठण्यास वेळ लागतो, तोवर पेशी एकदा अधिक विभागते आणि परिणामी लहान होते. आपल्याकडे हेच कारण सर्वाधिक आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय होता. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळी याचसाठी असते. गोळी किंवा जेवण झाल्याबरोबर चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास अधिक.

परंतु 'लहान' हा शब्द केवळ आकार सांगतो, कारण सांगत नाही. थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तीच्या पेशीही लहानच असतात. तिला लोहाची कमतरता नसेल, तर महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही, आणि घरचे मात्र 'पोरगी नीट जेवत नाही' म्हणून तिलाच बोल लावतात. येथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागावे. ६८ ला ३.९ ने भागल्यास १७ च्या वर येते. उत्तर १३ पेक्षा अधिक असल्यास लोहाच्या कमतरतेचा संशय घ्यावा. ६८ ला ५.६ ने भागल्यास १२ च्या आसपास येते. १३ पेक्षा कमी उत्तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाकडे बोट दाखवते. १९७३ पासून डॉक्टर हा निर्देशांक वापरतात. तो निदान मात्र नव्हे. खात्री हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करून आणि रक्तातील लोहाचा साठा पाहूनच होते.

'सिकल' हा शब्दही याच संदर्भात कानी पडतो. तो आकाराविषयी नसून घडणीविषयी आहे : विळ्यासारखी वाकलेली पेशी. हा आजार विदर्भात व नंदुरबारकडे, आदिवासी समाजांत तसेच बौद्ध व इतर अनुसूचित जातींच्या कुटुंबांत आढळतो. पैनगंगेपलीकडच्या वाशीम-यवतमाळशी आपली सोयरीक जुनीच, त्यामुळे हिंगोलीकरांनाही तो परका नाही. सिकलच्या वाहकाचा साधा अहवाल पूर्णपणे सामान्य येऊ शकतो. पेशी लहान नसतात, हिमोग्लोबिनही ठीक असते. त्यासाठी सिकलची वेगळी चाचणी मागावी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. परंतु पती-पत्नी दोघेही सिकलचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एक सिकलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरीही तितकीच. आज विवाहाच्या वयात असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी पत्रिकेआधी हे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि ते मुलीकडच्यांनी मागितले तरी मुलाकडच्यांनी त्यात अपमान मानू नये.