त्रिरश्मीची वाट ग्रंथालयातून : डिजिटल संग्रहांचा एक अभ्यासपाठ

नाशिकमध्ये शिकलेल्या बहुतेकांनी मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरातील लेणी एकदा तरी पाहिली असतील. 'पांडवलेणी' हे रूढ नाव ऐकत आपण पायऱ्या चढतो, विहारात क्षणभर विसावतो आणि छायाचित्रे काढून परततो. भिंतींवरील ब्राह्मी अक्षरे मात्र आपल्यापुरती अबोलच राहतात. ती बोलती करण्याची साधने आज घरबसल्या उपलब्ध आहेत. ती कशी वापरावीत, हा या पाठाचा विषय आहे.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेले या लेखांचे वाचन १८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नाशिकविषयक सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (१९०५-०६) त्यांचे नव्याने संपादन केले. एकेकाळी मोठ्या ग्रंथालयांतच सापडणारे हे ग्रंथ आता संगणकावर वाचता येतात. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'त 'इम्पिरिअल गॅझेटिअर' आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश खुला आहे. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही अनेक दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती केल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे.

आता एक उदाहरण घेऊ. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे मुद्दल कायम राखून केवळ व्याज वापरायची ठेव, संघाला दिली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा : महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा जमाखर्च आजही बिनचूक जुळतो! हे दान निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो. दप्तर जपण्याची परंपरा या भूमीत अशी जुनी आहे.

याच लेण्यातील आणखी एका लेखात शक अग्निवर्म्याची कन्या, उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव दिल्याची नोंद आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख असून तेथे 'नासिक' हे नाव कोरलेले दिसते. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला यवन होता. राजे, स्त्रिया, गावकरी आणि परदेशी अशा सर्वांच्या हातांनी हा डोंगर घडला. या लेखांत त्याचे नाव 'तिरण्हु', म्हणजेच त्रिरश्मी, असे आहे. आपण उच्चारतो तो 'लेणे' हा शब्दही या लेखांतील 'लेण' या प्राकृत शब्दाचाच वारस होय.

शोध घेताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, इंग्रजी ग्रंथांत शहराच्या नावाचे आजचे व जुने अशी दोन्ही वर्णलेखने शोधावीत. दुसरे, यंत्राने ओळखलेल्या अक्षरांवर विसंबू नये. जुन्या छपाईतील खुणा यंत्र चुकीच्या वाचते, म्हणून मूळ पानाचे चित्र उघडून ताडून पाहावे. तिसरे, इंद्रजी व सेनार यांची वाचने शेजारी ठेवावीत आणि जेथे ती भिन्न असतील तेथे दोन्ही टिपून ठेवावीत.

पांडवांशी जोडलेली कथा लोकमनाने रचली. लेख मात्र भिक्षुसंघाचे नाव घेतात. आपला इतिहास कोणी तरी सांगेल, याची वाट पाहण्याची आता गरज नाही. पालकांनी एका सुटीच्या दिवशी मुलांसमवेत हे ग्रंथ उघडावेत, एक लेख वहीत उतरवून घ्यावा आणि ती वही घेऊन त्रिरश्मीच्या पायऱ्या चढाव्यात. त्या दिवशी भिंतीवरील अक्षरे अबोल राहणार नाहीत.