मुलाला आजाराचे नाव सांगताना

घरी रोज सायंप्रार्थना होते. मूल मात्र काही महिन्यांपासून ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. एक शब्द चुकला असे वाटले, की परत हात धुऊन येते, परत नमस्कार करते. आपण आधी कौतुक करतो, मग रागावतो. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, 'हा ओसीडी आहे.' मराठीत यालाच मंत्रचळ म्हणतात.

मुलाला हे सांगावे का? जरूर सांगावे. आपण नाव दिले नाही, तर मूल स्वतःच नाव शोधते, आणि ते 'मी पापी आहे' असे असू शकते. या आजारात नको असलेले विचार, कधी देवाविषयीचे वाईट विचारही, मनात घुसतात. भाविक मुलाला त्यांची भीती फार वाटते.

कसे सांगावे?

शांत वेळ निवडा. आधी विचारा, 'असं का होतं, तुला काय वाटतं?' पूर्ण ऐकून घ्या. मग म्हणा, 'तुझ्या मनातली धोक्याची घंटा विनाकारण वाजते. या आजाराला ओसीडी म्हणतात. तो इतर मुलांनाही होतो. यात तुझी चूक नाही, ही देवाची शिक्षाही नाही. उपचारांनी त्रास कमी होतो. आम्ही तुझ्याबरोबर आहोत.'

काय टाळावे?

- 'अजून जप कर, बरे वाटेल' असे सांगू नका. या आजारात जपाचीही सक्ती होऊन बसते.
- 'देव रागावला नाही ना?' असे मूल वारंवार विचारेल. दर वेळी दिलासा दिल्याने शंका अधिक घट्ट होते. तेव्हा काय म्हणावे, हे तज्ज्ञांकडून शिकून घ्या.
- साधना चालू आहे म्हणून औषध मनाने बंद करू नका.
- सत्संगात कोणाला सांगायचे, हे मुलाला विचारूनच ठरवा.

आपली साधना

'आमच्या भक्तीत काय कमी पडले?' हा विचार आपल्याही मनात येईल. विचार येतो आणि जातो, आपण त्याचे साक्षी आहोत, हे आपण ध्यानात शिकलो आहोत. तो पाठ आता स्वतःसाठी वापरा. आपला चेहरा शांत असेल, तर मुलाला आपले शब्द खरे वाटतील.

मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

या आठवड्याचा संकल्प: रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसू, उपदेश न करता त्याचे ऐकू.