विषजात कीटक आणि बुरशीचे आत्मरक्षण

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रकृतीविषयी एक मार्मिक दृष्टान्त आहे. विषात जन्मलेला कीटक जसा त्या विषाने मरत नाही, तशी जन्मजात प्रकृती मनुष्यास बाधक होत नाही, असा त्याचा आशय. विद्यार्थिदशेत आपण तो अभ्यासला. परंतु तो कीटक विषात जगतो कसा, हे विचारण्याचा प्रसंग सहसा आला नाही.

माझ्यावर तो आला. पावसाळा संपताना औषधी भांडारातील ज्येष्ठमधाच्या एका पोत्यास हिरवट बुरशी धरलेली आढळली. सहायक म्हणाला, "उन्हात वाळवून झटकून घेऊ आणि काढ्यासाठी वापरू. उकळल्यावर काय शिल्लक राहणार?" याचे उत्तर बुरशी स्वतःच्या विषापासून कशी वाचते, यातच दडलेले आहे. तिचे तीन मुख्य उपाय पाहू.

१) लक्ष्यात पालट : इटालियन वैद्य बार्तोलोमिओ गोसिओ यांनी १८९३ मध्ये बिघडलेल्या मक्यावरील पेनिसिलियम बुरशीतून एक द्रव्य वेगळे केले. तेच पुढे मायकोफिनॉलिक आम्ल म्हणून प्रसिद्ध झाले. ग्वानिन-घटकांच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या एका विकराला (एन्झाइमला) ते रोखते. ते निर्माण करणाऱ्या पेनिसिलियम ब्रेव्हिकॉम्पॅक्टम या बुरशीत त्याच विकराची आणखी एक, विषास दाद न देणारी प्रत असते. आणि तिचे जनुक विषनिर्मितीच्या जनुकांलगतच असते. मानवी लसीकापेशींना हे संरक्षण नाही. म्हणूनच वृक्करोपणानंतर व्याधिक्षमत्व दडपण्यासाठी या द्रव्याचा उपयोग होतो. असे औषध घेणारा रुग्ण आपल्याकडे आल्यास हे ध्यानी असावे.

२) विषाचे रूपांतर : अस्पर्जिलस फ्युमिगेटस ही बुरशी ग्लायोटॉक्सिन निर्माण करते. तिच्यातील एक विकर या विषातील गंधकाच्या दोन अणूंना परस्परांशी जोडून टाकते. या रूपात विष पेशीबाहेर सोडता येते. हे विकर नसलेली बुरशी स्वतःच ग्लायोटॉक्सिनला बळी पडते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फ्युजेरियम बुरशी आपल्या ट्रायकोथेसीन विषावर निर्मितीच्या टप्प्यातच ॲसिटिल गट चढवून त्याची तीव्रता कमी करते.

३) कोंडणे व बाहेर टाकणे : अफ्लाटॉक्सिनच्या निर्मितीचे अखेरचे टप्पे पेशीतील सूक्ष्म पिशव्यांमध्ये पार पडतात. पुढे या पिशव्या पेशीच्या कडेशी येऊन विष बाहेर सोडतात. त्यामुळे बुरशीचा उर्वरित पेशीरस सुरक्षित राहतो.

सहायकाच्या प्रश्नाचे उत्तर या तिसऱ्या उपायात आहे. बुरशीने बाहेर टाकलेले विष जाते कोठे? ती ज्यावर वाढते त्या द्रव्यात. उन्हाने बुरशी मरेल, झटकल्याने तिचे तंतू निघतील. परंतु द्रव्यात उतरलेले विष तेथेच राहील. अफ्लाटॉक्सिन उष्णतेस चिवट असून काढ्याच्या उकळीने त्याचा पूर्ण नाश होत नाही. पोटात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे अधिक घातक रूप करतात, आणि ते जनुकद्रव्यातील ग्वानिनशी जखडते. दीर्घकाळ सेवनाने यकृताच्या कर्करोगाचा धोका संभवतो. कावीळ-ब असलेल्या रुग्णात तो अनेक पटींनी वाढतो. मात्रा मोठी असल्यास परिणाम तात्काळ दिसतो. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने यकृतविकाराची साथ उद्भवली आणि १०० हून अधिक माणसे दगावली.

ते पोते मी नष्ट केले. आर्थिक हानी झाली, परंतु यकृतविकारासाठी दिलेल्या काढ्यातूनच यकृतावर आघात व्हावा, हे वैद्याला शोभणारे नाही. म्हणून इतके पाळावे :

- द्रव्य पूर्ण सुकल्यावरच साठवावे. पोती भिंतीस वा जमिनीस न लावता फळीवर ठेवावीत.
- पावसाळ्यात साठा वारंवार तपासावा व खरेदी अल्प प्रमाणात करावी.
- बुरशी दिसलेले द्रव्य धुऊन, वाळवून वा भाजून वापरू नये.
- बुरशी न दिसणे म्हणजे विष नसणे नव्हे; मोठ्या खरेदीत अफ्लाटॉक्सिन-तपासणीचा अहवाल मागावा.

विषजात कीटकाला विष बाधत नाही, कारण त्याने आपली व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. आपल्या रुग्णाची तशी व्यवस्था नाही. ती वैद्यानेच भांडाराच्या दाराशी करावयाची असते.