वसंतातील परडे व परदेशाहून आलेला विद्यार्थी

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचे कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी ओमान, कुवेत, सौदी अरेबिया इत्यादी देशांत आहेत. काहींची बायकामुलेही तिकडेच असतात. नोकरी संपली की बिऱ्हाड गावी परतते. तेथील भारतीय शाळांचे वर्ष मार्चमध्ये संपत असल्याने पुष्कळदा ऐन वसंतात परतते. असा चौथी-पाचवीतील मुलगा एप्रिलात गावच्या शाळेत येतो. (शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये प्रवेश लांबविता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी ध्यानी ठेवावे.)

या मुलास मराठी येते, परंतु ‘बोंडू’, ‘रातांबा’ हे शब्द ऐकून तो गोंधळतो. मुले हसतात. दोन-चार दिवसांत तो बोलेनासा होतो, आणि शिक्षक त्यास ‘कच्चा’ समजून बाराखडीकडे वळवितात. हा उपाय रोगापेक्षा वाईट होय. त्याऐवजी त्याच्या आजोबांची अनुमती घेऊन सबंध वर्ग त्यांच्या परड्यात न्यावा.

प्रथम पालवी दाखवावी. पाऊस दोन महिने दूर, जमीन तापलेली, तरी कुसुंब तांबड्या पानांनी भरलेला असतो. मग पाणी आले कोठून? येथे उत्तराची घाई करू नये. जुनी पाने गळाल्याने झाडाचा पाण्याचा खर्च घटतो आणि खोल मुळांना खालची ओल मिळते, येथवर मुलांनी स्वतःच यावे. काजूपाशी फार थांबण्याचे कारण नाही. बोंडू म्हणजे फुगलेला देठ व खाली लोंबते ती बी हेच खरे फळ, एवढे पुरे.

मुख्य पाठ रातांब्याखाली घ्यावा. आमसुलाची आमटी या मुलाने परदेशातही खाल्लेली असते. झाड मात्र प्रथमच पाहतो. एक झाड फळांनी लगडलेले, शेजारचे तेवढेच मोठे, पण त्यावर एकही फळ नाही. गावात अशा झाडास ‘वांझ’ म्हणतात व सरपणासाठी तोडतात.

आता शिक्षकाने त्या मुलास खजुरीविषयी विचारावे. आखाती देशांत रस्त्याच्या कडेसही खजुरी असतात. तेथे वसंताच्या प्रारंभी माणसे झाडावर चढून नरझाडाच्या फुलोऱ्याचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात बांधतात. एका नराचा पराग अनेक मादीझाडांस पुरतो. मुलाने हे पाहिले असल्यास त्यास सांगू द्यावे. शब्द अडला तर हातांनी दाखवू द्यावे, आणि तो शब्द वर्गाने पुरवावा. पाहिले नसल्यास शिक्षकाने सांगावे, व खजुरीचे झाड कसे दिसते ते त्याच्याकडून वदवून घ्यावे.

यानंतर वर्ग पुन्हा त्या ‘वांझ’ झाडाकडे वळवावा. रातांब्यातही नर व मादी झाडे निरनिराळी असतात, आणि रोप लहान असता हा भेद ओळखू येत नाही. कलमे लावण्याचे एक कारण हेच. नरझाडास फळ कधीच धरत नाही, तरी परागासाठी बागेत थोडी नरझाडे राखणे इष्ट असते.

परंतु केवळ फळ नाही एवढ्यावरून झाड नर ठरवू नये. एखादे मादीझाडही एखाद्या वर्षी रिते राहते. निर्णय फुलावरूनच होतो, आणि रातांबा फुलतो थंडीत. म्हणून खोडास सुतळी बांधावी, नोंदवहीत तारीख व झाडाची जागा लिहावी, आणि फुले येईतो कुऱ्हाड लावू नये अशी विनंती मुलांनीच आजोबांस करावी. वही त्या नव्या विद्यार्थ्याकडे द्यावी. डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा त्याने दोन सोबत्यांसह झाड पाहावे. फुलाच्या मध्यभागी गोल बीजाशय असल्यास ते मादी, पुंकेसरांचा झुबका असल्यास नर.